आईच्या रक्तातली नोंद : टॉर्च चाचणीचा मागोवा

दोनदा दिवस राहून दोन्ही वेळा गर्भ पडला, की आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एक नाव येतं : टॉर्च. दंडातून रक्ताची एक नळी भरून घेतात आणि एक-दोन दिवसांत अहवाल हाती पडतो. एका पानावर आठ किंवा दहा ओळी असतात. टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी, टॉक्सोप्लाझ्मा आयजीएम, रुबेला आयजीजी, रुबेला आयजीएम, मग सायटोमेगॅलो, मग हर्पिस. प्रत्येक ओळीपुढे एक आकडा, त्याच्यापुढे प्रयोगशाळेने ठरवलेली मर्यादा, आणि मर्यादा ओलांडलेले आकडे ठळक छापलेले. असे दोन-तीन ठळक आकडे आपल्याकडच्या बहुतेक बायकांच्या अहवालात निघतात. घरात मात्र त्यांचा अर्थ एकच लावला जातो : हिच्या रक्तात दोष आहे, म्हणून मूल टिकत नाही.

हा अर्थ चुकीचा आहे, आणि त्याची किंमत बाईला मोजावी लागते. तो चुकीचा का, हे कळायचं तर त्या पानावरच्या एकेका ओळीचं मूळ शोधायला हवं. ही चाचणी एका माणसाने एका दिवशी काढलेली नाही. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या आजारांपायी, वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधताना तिचे भाग तयार झाले. ते एका पानावर आले फार उशिरा.

यकृताच्या अर्कापासून सुरुवात

गर्भवतीच्या रक्तात प्रतिपिंड, म्हणजे संसर्गाला उत्तर म्हणून शरीराने तयार केलेली प्रथिनं, शोधून बाळ वाचवायचं, ही कल्पना सिफिलिसपासून सुरू होते. याच आजाराला आपल्याकडे गरमी म्हणत. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी त्याचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये ऑगस्ट फॉन वासरमन यांनी नाइसर आणि ब्रुक यांच्या साथीने रक्तावरची चाचणी जाहीर केली. अडचण एकच होती : हा जंतू प्रयोगशाळेत वाढत नव्हता. मग प्रतिपिंडांसमोर धरायला जंतूचा अर्क आणायचा कुठून? सिफिलिसने पोटातच दगावलेल्या अर्भकाच्या यकृतात हे जंतू खच्चून भरलेले असत. वासरमन यांनी त्या यकृताचाच अर्क घेतला.

ही चाचणी करणं सोपं काम नव्हतं. रुग्णाचं सीरम आणि यकृताचा अर्क एकत्र करायचे. त्यात गिनीपिगचं ताजं सीरम घालायचं, कारण त्यात ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची, पेशी फोडणारी प्रथिनं असतात. शेवटी मेंढीच्या तांबड्या पेशी सोडायच्या, त्याही सशाच्या प्रतिपिंडांनी फुटायला तयार करून ठेवलेल्या. रुग्णाच्या सीरममध्ये प्रतिपिंड असतील, तर ते अर्काशी जोडले जाताना कॉम्प्लिमेंट आधीच खर्ची पडतं आणि मेंढीच्या पेशी शाबूत राहून तळाशी बसतात. प्रतिपिंड नसतील, तर पेशी फुटतात आणि नळी लालभडक होते. म्हणजे लाल नळी दिसली की सुटकेचा निःश्वास टाकायचा.

या चाचणीचं महत्त्व प्रसूतितज्ज्ञांच्या लवकरच ध्यानात आलं. १९१५ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले जे. व्हिटरिज विल्यम्स यांनी लागोपाठच्या १०,००० प्रसूती-रुग्णांमधल्या ७०५ अर्भकमृत्यूंचा हिशेब मांडला. त्यातल्या पाव हिश्श्याहून अधिक मृत्यूंच्या मुळाशी सिफिलिस होता. आईच्या अंगावर काहीच दिसत नसताना रक्त बोलत होतं, आणि वेळेत उपचार केले तर पुढचं मूल वाचत होतं. १९३८ मध्ये न्यूयॉर्क आणि ऱ्होड आयलंड या राज्यांनी गर्भवतीची ही तपासणी कायद्यानेच सक्तीची केली. १९४३ नंतर पेनिसिलिन हाताशी आलं आणि या तपासणीला खरा अर्थ मिळाला : दोष सापडला तर तो बरा करता येत होता.

दरम्यान एक विचित्र गोष्ट उघड झाली होती. जंतूने भरलेल्या यकृताची गरजच नव्हती. निरोगी बैलाच्या हृदयाचा मद्यार्कात काढलेला अर्कही तितकाच उपयोगी पडत होता. याचा अर्थ, चाचणी मोजत होती ते प्रतिपिंड थेट जंतूविरुद्धचे नव्हते, शरीरातल्याच एका स्निग्ध पदार्थाविरुद्धचे होते. १९४१ मध्ये मेरी पँगबोर्न यांनी तो पदार्थ बैलाच्या हृदयातून वेगळा काढला. त्याचं नाव कार्डिओलिपिन. त्याच्याच आधारे १९४६ मध्ये अमेरिकेत व्हीडीआरएल चाचणी तयार झाली, आणि आजही आपल्या सरकारी दवाखान्यांत गर्भवतीच्या कार्डावर तेच नाव लिहिलं जातं. हे कार्डिओलिपिन लक्षात ठेवायला हवं, कारण वारंवार होणाऱ्या गर्भपातांच्या प्रश्नाशी त्याचा फार जवळचा संबंध पुढे निघाला.

सिडनीचे डोळ्यांचे डॉक्टर

रुबेलाची ओळ अहवालात आली ती ऑस्ट्रेलियातून. १९४० मध्ये तिथे जर्मन गोवराची, म्हणजे रुबेलाची मोठी साथ आली. महायुद्धामुळे तरुण सैनिक छावण्यांत दाटीने राहत होते, आणि तिथून आजार घरोघर पोचला. १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन मॅकॲलिस्टर ग्रेग यांच्याकडे जन्मजात मोतीबिंदूची बाळं एकामागून एक येऊ लागली. मोतीबिंदू दाट, बहुतेकदा दोन्ही डोळ्यांत. बाळं किरकोळ अंगाची, दूध नीट न ओढणारी, पुष्कळांच्या हृदयातही दोष. प्रतीक्षागृहात दोन आयांचं आपापसातलं बोलणं ग्रेग यांच्या कानावर पडलं आणि दोघींनाही गरोदरपणी रुबेला झाल्याचं त्यांना कळलं, असं सांगितलं जातं. त्यांनी इतर डॉक्टरांकडूनही माहिती जमवली. एकूण ७८ बाळं, त्यातल्या ६८ जणांच्या आयांना गरोदरपणी, बहुतेकींना सुरुवातीच्या दिवसांतच, रुबेला होऊन गेला होता.

ग्रेग यांनी हे १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये मेलबर्नला नेत्रतज्ज्ञांसमोर मांडलं. अंगावर दोन-तीन दिवस पुरळ आणि बारीक ताप, एवढ्या किरकोळ दुखण्याने गर्भाची इतकी हानी होते, हे पटायला जगाला वेळ लागला. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानेही १९४४ मध्ये शंका घेतली. खात्री पटवली ती ऑलिव्हर लँकेस्टर या संख्याशास्त्रज्ञाने, १९५१ मध्ये. त्याने ऑस्ट्रेलियाच्या जुन्या जनगणनांमधल्या बहिऱ्या माणसांच्या नोंदी उघडल्या आणि त्यांची जन्मवर्षं मांडली. १८९९ च्या आसपास जन्मलेल्यांत बहिऱ्यांची संख्या एकदम वर गेलेली दिसली, आणि ती रुबेलाच्या जुन्या साथीशी जुळली. हा घात पिढ्यान्‌पिढ्या होत आला होता, पण त्याकडे तसं कुणी पाहिलंच नव्हतं.

रुबेलाचा विषाणू १९६२ मध्ये वॉल्टर रीड लष्करी संस्थेत आणि हार्वर्डमध्ये स्वतंत्रपणे वेगळा काढला गेला. त्याच सुमारास जगभर साथ उसळली. १९६४-६५ मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे सव्वा कोटी लोकांना रुबेला झाला आणि जन्मजात रुबेलाची व्यंगं घेऊन सुमारे २०,००० बाळं जन्मली. त्या दोन वर्षांत प्रत्येक गर्भवतीला एकच प्रश्न पडला होता : मला हा आजार पूर्वी होऊन गेला आहे का? त्याचं उत्तर देणारी जलद रक्तचाचणी १९६७ मध्ये आली. रुबेलाचा विषाणू पक्ष्यांच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो. बाईच्या रक्तात प्रतिपिंड असतील तर ते विषाणूला रोखतात आणि गुठळ्या होत नाहीत.

ही चाचणी घेणाऱ्या बाईला प्रतिपिंड असणं हीच आनंदाची बातमी होती. असतील तर बाळाला भीती नाही. नसतील तर जपायला हवं. आज आपल्याकडे रुबेला आयजीजीचा ठळक आकडा पाहून घरात रडारड होते. मूळ चाचणीने त्याच आकड्याकडे पाहून आयांना धीर दिला होता.

निळी न होणारी चंद्रकोर

टॉक्सोप्लाझ्माची ओळ ट्युनिसहून येते. १९०८ मध्ये तिथल्या पाश्चर संस्थेत शार्ल निकोल आणि लुई मान्सो यांना गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात चंद्रकोरीच्या आकाराचा एक परजीवी सापडला. माणसाच्या बाळाशी त्याचा संबंध जुळायला तीस वर्षं गेली. १९३८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सिझेरियनने जन्मलेल्या एका मुलीला तिसऱ्या दिवशी झटके सुरू झाले आणि महिन्याभराने ती गेली. वुल्फ, कोवेन आणि पेज यांना तिच्या मेंदूत हा परजीवी सापडला. आजार तिला आईच्या पोटातच लागला होता.

आईच्या रक्तात त्याचा माग काढण्याची पद्धत १९४८ मध्ये अल्बर्ट सेबिन आणि हॅरी फेल्डमन यांनी शोधली. हे तेच सेबिन, ज्यांची पोलिओची तोंडावाटे द्यायची लस पुढे आपल्या घराघरांत पोचली. उंदरांत वाढवलेले जिवंत परजीवी घ्यायचे, त्यांत रुग्णाचं सीरम आणि निरोगी माणसाचं ताजं सीरम मिसळायचं, थोडा वेळ ऊब द्यायची आणि मग मिथिलीन ब्लू हा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. सीरममध्ये प्रतिपिंड नसतील, तर परजीवी फुगीर आणि गडद निळे दिसतात. प्रतिपिंड असतील, तर ते आतून रिते होतात आणि फिक्या, बारीक चंद्रकोरीसारखे उरतात. मोजणाऱ्याला एकेक परजीवी पाहून निळे किती, फिके किती हे लिहावं लागे. जिवंत परजीवी हाताळायचे असल्याने काम जोखमीचंही होतं. पण ही चाचणी इतकी भरवशाची होती की कित्येक दशकं बाकीच्या चाचण्या तिच्याशी पडताळून पाहिल्या गेल्या.

या चाचणीचा सर्वांत शहाणा वापर फ्रान्सने केला. जॉर्ज देमाँ आणि जाक कुव्हर यांनी गर्भवतींचा माग ठेवून १९७४ मध्ये दाखवून दिलं, की धोका आहे तो गरोदरपणातच पहिल्यांदा लागणाऱ्या संसर्गाचा. जिला तो आधीच होऊन गेला, तिचं बाळ सुरक्षित असतं. फ्रान्सने लग्नाआधीची तपासणी १९७८ मध्ये सक्तीची केली. पुढे, ज्यांच्या रक्तात प्रतिपिंड नाहीत अशा गर्भवतींची दर महिन्याला फेरतपासणी सुरू केली. पहिल्या महिन्यात नसलेले प्रतिपिंड पाचव्या महिन्यात दिसले, तर संसर्ग मधल्या काळात झाला हे निर्विवाद ठरतं. तिथे लक्ष असतं ते निगेटिव्ह बाईकडे. आपल्याकडे एकदाच रक्त काढतात आणि पॉझिटिव्ह बाईला घाबरवतात.

अटलांटात बांधलेली मोळी

सायटोमेगॅलो विषाणूची चाहूल जर्मनीत १८८१ मध्येच लागली होती. मृत जन्मलेल्या बाळाच्या मूत्रपिंडात रिबर्ट यांना घुबडाच्या डोळ्यांसारख्या अवाढव्य पेशी दिसल्या. विषाणू प्रत्यक्ष हाती लागला तो १९५६-५७ मध्ये, मार्गारेट स्मिथ, वॉलेस रो आणि टॉमस वेलर यांना वेगवेगळ्या ठिकाणी. हर्पिसचे दोन प्रकार आहेत, हे साठच्या दशकात पक्कं झालं.

त्या दोन प्रकारांवर काम करणाऱ्यांत अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले बालरोगतज्ज्ञ आंद्रे नामियास होते. त्यांच्यासमोर आजारी नवजात बाळं होती : कावीळ झालेली, पानथरी वाढलेली, अंगावर लाल ठिपके असलेली, डोकं लहान असलेली. बाळाकडे नुसतं पाहून कारण टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो की हर्पिस, हे सांगता येत नव्हतं. म्हणून १९७१ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या चौघांची आद्याक्षरं जोडून ‘टॉर्च’ हे नाव सुचवलं. नवजात बाळ असं दिसलं, तर यांपैकी कुणाचाही संशय घ्या, एवढा त्याचा अर्थ होता. पुढे ‘ओ’ या अक्षरात सिफिलिस, कांजिण्या, पार्व्हो विषाणू असे इतरही आजार बसवले गेले.

या नावामागे दिसणारं बाळ होतं, त्याचं दुखणं होतं, आणि डॉक्टरांना पडलेला नेमका प्रश्न होता. ज्या बाईच्या पोटात अजून बाळ नाही, किंवा जिचा गर्भ सातव्या आठवड्यात पडून गेला, तिच्यासाठी हे नाव नव्हतं.

चार आजारांची ही मोळी तिच्यापर्यंत पोचवली ती एका तंत्राने. त्याच १९७१ मध्ये स्टॉकहोममध्ये एव्हा एंगव्हाल आणि पेटर पेर्लमन यांनी, आणि नेदरलँड्समध्ये व्हान वेमेन आणि स्खुर्स यांनी, एलायझा ही पद्धत मांडली. जिवंत परजीवी नको, मेंढीच्या पेशी नकोत. प्लास्टिकच्या एका पाटीवर ९६ खळगे, खळग्याच्या तळाला जंतूचं प्रथिन, त्यावर सीरम, मग विकर आणि रंग. रंग जितका गडद, तितके प्रतिपिंड जास्त. एका दुपारी कित्येक नमुने तपासून होऊ लागले. जे काम निष्णात माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून करत होता, ते डब्यातल्या किटने होऊ लागलं. किट स्वस्त झालं, चारही आजारांचे आयजीजी आणि आयजीएम एका दरात विकले जाऊ लागले, आणि नवजात बाळांसाठी बांधलेली मोळी गर्भपात झालेल्या बायकांच्या माथी आली.

आयजीएमने केलेली दिशाभूल

आयजीएम हे संसर्गानंतर आधी येणारे प्रतिपिंड. आयजीजी मागून येतात आणि बहुधा जन्मभर राहतात. आयजीजी म्हणजे चेहऱ्यावरचे देवीचे व्रण : आजार होऊन गेला एवढं ते सांगतात, बाई आज आजारी आहे असं सांगत नाहीत. सायटोमेगॅलोचे आयजीजी भारतातल्या बहुसंख्य प्रौढ बायकांच्या रक्तात असतात, कारण हा संसर्ग बहुधा लहानपणीच होऊन जातो. हर्पिसच्या पहिल्या प्रकाराचे तर ओठावर फोड येऊन गेलेल्या कितीतरी जणांच्या रक्तात असतात.

मग आयजीएम दिसला तर संसर्ग ताजा असं धरायचं का? आशा तीच होती, पण अनुभवाने ती खोटी ठरवली. टॉक्सोप्लाझ्माचा आयजीएम वर्षभर, काही जणींत त्याहूनही जास्त काळ रक्तात रेंगाळतो. शिवाय किट चुकीचे पॉझिटिव्हही देतात. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डॉक्टरांना जाहीर इशारा दिला, की टॉक्सोप्लाझ्माच्या आयजीएम किटवर एकट्यावर विसंबून निर्णय घेऊ नका. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथल्या संदर्भ प्रयोगशाळेचा अभ्यास २००१ मध्ये आला. बाहेरच्या प्रयोगशाळांनी आयजीएम पॉझिटिव्ह ठरवलेल्या गर्भवतींचं रक्त त्यांनी पुन्हा तपासलं. निम्म्याहून अधिक जणींचा संसर्ग ताजा नव्हताच. फेरतपासणी आणि तज्ज्ञाचा सल्ला मिळाल्यावर अनावश्यक गर्भपात सुमारे निम्म्याने घटले. जिथे फेरतपासणी झालीच नाही, तिथे किती निरोगी गर्भ एका आकड्यापायी गेले असतील, हा विचार अस्वस्थ करतो.

संसर्ग जुना की ताजा हे ओळखण्याची चांगली वाट १९८९ मध्ये हेलसिंकीत क्लाउस हेडमन आणि सहकाऱ्यांनी दाखवली. नवे आयजीजी जंतूच्या प्रथिनाला सैल धरतात. महिने उलटतात तशी पकड घट्ट होते. खळग्यात युरियाचं पाणी घातलं की सैल पकडीचे प्रतिपिंड सुटून जातात, घट्ट पकडीचे राहतात. या तपासणीला ॲव्हिडिटी म्हणतात. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत घेतलेल्या रक्तात पकड घट्ट निघाली, तर संसर्ग दिवस राहण्यापूर्वीचा, असं बहुधा निश्चिंतपणे म्हणता येतं.

गर्भपातांचं उत्तर दुसरीकडे होतं

वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं कारण या चार आजारांत शोधणं मुळातच चुकतं. एकदा झालेला रुबेला पुढच्या गर्भापर्यंत पोचत नाही, आणि टॉक्सोप्लाझ्माचा जुना संसर्ग निरोगी बाईच्या पुढच्या मुलाला सहसा धक्का लावत नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्सने २००३ च्या मार्गदर्शिकेतच सांगितलं होतं, की वारंवार गर्भपात झालेल्या बाईसाठी टॉर्च उपयोगाची नाही.

उपयोगाची निघाली ती कार्डिओलिपिनची वाट. सिफिलिस नसतानाही ज्यांची जुनी रक्तचाचणी पॉझिटिव्ह यायची, अशा बायकांकडे डॉक्टरांचं लक्ष पन्नासच्या दशकापासूनच गेलं होतं. काहींना ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, होता, आणि पुढे असं दिसलं की अशा काहींचे गर्भ पुन्हा पुन्हा पडत होते. १९८३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात हॅरिस, घरावी आणि ह्यूज यांनी कार्डिओलिपिनविरुद्धचे प्रतिपिंड थेट मोजण्याची पद्धत आणली. हे प्रतिपिंड असलेल्या बाईच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असते आणि वारेचं कामही बिघडतं. यावर उपाय आहे. १९९७ च्या एका ब्रिटिश अभ्यासात नुसतं ॲस्पिरिन घेतलेल्या बायकांपैकी ४२ टक्के जणींना जिवंत मूल झालं, तर ॲस्पिरिनसोबत हेपॅरिन हे गुठळ्या रोखणारं औषध घेतलेल्यांपैकी ७१ टक्के जणींना.

म्हणजे वासरमन यांच्या चाचणीतून निघालेली एक फांदी आज त्या बायकांना खरंच मूल मिळवून देते, आणि आपण त्यांना भलत्याच फांदीखाली उभं करतो.

पुण्यापर्यंत आलेला धागा

रुबेलाच्या साथीने दिलेली सर्वांत मोठी गोष्ट चाचणी नव्हती, लस होती. १९६४ च्या साथीत फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत स्टॅन्ली प्लॉटकिन यांनी रुबेला झालेल्या मातांच्या गर्भपातातल्या ऊतींमधून विषाणू वेगळे केले. त्यांतल्या सत्ताविसाव्या गर्भापासून आरए २७/३ हा लसीचा वाण तयार झाला. तोच वाण आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गोवर-रुबेला लसीत आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोव्यासह पाच ठिकाणी भारताची गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, आणि २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात ९ महिने ते १५ वर्षं वयाच्या मुलामुलींना शाळाशाळांतून ही लस टोचली गेली. ग्रेग यांनी पाहिलेले पांढरे डोळे पुन्हा कुणाला पाहावे लागू नयेत, याचा खरा बंदोबस्त हाच.

म्हणून वाचकांना सांगणं एवढंच. घरातल्या मुलींची गोवर-रुबेला लस राहिली असेल तर ती लग्नाआधीच द्या. लस घेतल्यावर एक महिना दिवस राहू देऊ नका आणि गरोदरपणात ती घेऊ नका. गरोदरपणी सिफिलिस, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीची तपासणी पहिल्याच भेटीत करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती होते आणि तिथे सापडलेल्या आजारावर उपचार आहेत. टॉर्चची चिठ्ठी हाती आली, तर डॉक्टरांना विचारा : यातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवं आहे, आणि उत्तर आलं तर काय करणार? नुसत्या आयजीजीवर महिनोन्‌महिने औषधं घेऊ नका. आणि एका आयजीएमच्या आकड्यावर, संदर्भ प्रयोगशाळेतली फेरतपासणी आणि ॲव्हिडिटी झाल्याशिवाय, गर्भ पाडण्याचा निर्णय कधीही घेऊ नका.